नाव बदलताना

तलमडुगुच्या माणसाला एका वस्तूची दोन नावे असणे नवे नाही. बाजारात 'जोन्नलू' म्हणणारा आणि 'ज्वारी' म्हणणारा एकाच काट्यापाशी उभे असतात आणि व्यवहार बिनबोभाट पार पडतो. माणूस माणसाला ओळखतो, म्हणून नावापाशी अडत नाही. यंत्र आणि कागद मात्र नावापाशीच अडतात. हे कसे, ते गेल्या दिवाळीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला समजावून दिले.

मुलगा कापूस पिकवणाऱ्या घरातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पॉलिटेक्निक, पुढे इंजिनिअरिंग. आता पुण्यात संगणकावर यंत्रांचे आराखडे करतो. सणाला गावी आला की भेटून जातो. त्याने लॅपटॉपवर कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसचे चित्र उघडले. हजारो सुटे भाग, अगदी वायसरपर्यंत.

"अरे, एवढे सगळे एका फाईलीत मावते?" मी विचारले.

"नाही सर, आणि मावायलाही नको. प्रत्येक भागाची फाईल वेगळी. या मोठ्या फाईलीला आम्ही असेंब्ली म्हणतो. कोणता भाग कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि तो कोणाला कसा जोडायचा, याची नोंद तिच्यात असते. भाग तिथूनच उचलून आणायचे."

याचा फायदा उघड आहे. एकच बोल्ट चाळीस ठिकाणी वापरला असेल, तर त्याचे माप एकदा बदलले की चाळीसही ठिकाणी बदलते. धोकाही तिथेच आहे. कुणी परस्पर फोल्डर हलवला किंवा फाईलीचे नाव बदलले, की असेंब्ली जुन्या पत्त्यावर जाऊन हाका मारत बसते. भाग हरवलेला नसतो, पण सापडत नाही. एकाच नावाच्या दोन फाईली असतील तर आणखी वाईट. जी आधी उघडलेली असेल तीच काही प्रणाली उचलतात आणि चुकीचा भाग मुकाट्याने बसतो.

म्हणून त्या धंद्यात काही शिस्ती पाळतात. फाईलीला वर्णनाचे नाव न देता क्रमांक द्यायचा, आणि दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्याला द्यायचा नाही. नाव बदलायचे तर प्रणालीच्या आतून बदलायचे, म्हणजे जिथे जिथे तो भाग लागला आहे तिथे तिथे बातमी पोचते. काम करायला फाईल घेतली की आपल्या नावावर नोंदवायची, आणि परत ठेवताना काय बदलले ते लिहायचे. मला आमच्या ग्रंथालयाचे रजिस्टर आठवले! बाहेर कुणाला काम पाठवायचे असेल, तर जोडलेल्या सगळ्या फाईली एकत्र बांधून पाठवायच्या. नुसती असेंब्ली पाठवणे म्हणजे नवरदेवाला सोडून वरात पाठवणे.

हे न पाळल्याचे फळ मोठमोठ्यांनाही भोगावे लागले आहे. एअरबसच्या ए-३८० या दुमजली विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर आहे. हांबुर्गचे जर्मन अभियंते आराखड्याच्या एकाच प्रणालीची जुनी आवृत्ती वापरत होते, तर तुलूझचे फ्रेंच नवी. एकीकडचे बदल दुसरीकडे नीट पोचले नाहीत. विमान जोडताना तुलूझमध्ये वायरी तोकड्या पडल्या. जून २००६ मध्ये कंपनीने विलंब जाहीर केला आणि तिच्या मूळ कंपनीचा शेअर एका दिवसात २६ टक्क्यांनी कोसळला. २००६ मध्ये मिळायचे पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला ऑक्टोबर २००७ मध्ये मिळाले. अभियंते दोन्हीकडचे हुशार होते, पण मधला दुवा कच्चा होता.

आपल्या सीमाभागातल्या घरांचे कागद पाहा. आजोबांच्या शेताचा कागद उर्दूत, कारण १९५६ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात आणि पुढे हैदराबाद राज्यात होतो. त्या वर्षी किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. वडिलांचे कागद तेलुगूत, मुलीचा शाळेचा दाखला मराठीत, दहावीचा मेमो इंग्रजीत. मराठी रीतीत आधी नाव, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. तेलुगू रीतीत 'इंटिपेरु' म्हणजे आडनावच आधी. मुलगी एकच, पण कार्यालयाच्या संगणकाला तिघी दिसतात. त्यात ११ ऑक्टोबर २०१६ रोजी आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. निर्मलला जन्मलेल्याच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा आदिलाबाद, नव्यावर निर्मल. माणूस जागचा हलला नाही, फोल्डर मात्र हलला.

आमच्या एका विद्यार्थिनीची कॉलेजची फी याच कारणाने एका कार्यालयात अडकली. आधार कार्डावर आडनाव पुढे, मेमोवर मागे. तिचे वडील रोजंदारीवर जाणारे. आदिलाबादला सात खेपा झाल्या, सात दिवसांची मजुरी बुडाली. शेवटी शाळेच्या प्रवेश रजिस्टरमधला क्रमांक, जन्मतारीख आणि आईचे नाव यांवरून ती एकच असल्याचा दाखला आम्ही दिला आणि गाडे हलले. तोवर पहिले सत्र संपत आले होते. सगळ्यांनाच एवढा दम निघत नाही. गावात अशाच फेऱ्यांना कंटाळून शिक्षण सोडलेली मुले आहेत.

म्हणून जूनमध्ये प्रवेशाला येणाऱ्या आईबापांना मी समोर बसवतो. आधार, जन्मदाखला आणि रेशनकार्ड शेजारी शेजारी ठेवतो. मुलाचे नाव मराठी, तेलुगू आणि इंग्रजी अशा तिन्ही लिपींत एका कोऱ्या कागदावर लिहून देतो आणि सांगतो, हा कागद जपा. पुढे कुठेही नाव लिहायची वेळ आली तर यात पाहून लिहा. कुठे दुरुस्ती करायची झाली तर एका ठिकाणी करून थांबू नका. जिथे जिथे ते नाव आहे त्यांची आधी यादी करा, मग सगळीकडे करा.

घरात दोन भाषा नांदतात ही आपली श्रीमंती आहे, ती सोडायचे कारण नाही. लग्नपत्रिका मराठीत छापा, व्यवहार तेलुगूत करा. मात्र या दिवाळीत फराळ झाला की घरातली कागदांची पेटी एकदा उघडा आणि मुलांची नावे एकमेकांशी ताडून पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे.