पंचमीची ओहोटी आणि मिरामारचे तीन दिवस

नोव्हेंबर महिन्यात गोव्याला जाणारे पाहुणे पणजीतल्या हॉटेलवाल्यांच्या पाठ असतात. हनीमूनवाले, कॉलेजची टोळकी, नारळपाण्याच्या भावावर हुज्जत घालणारी कुटुंबं. पण अलीकडे त्यांना एक नवीनच जमात ओळखता येऊ लागली आहे. ही माणसं रात्री साडेआठला झोपतात, पहाटे साडेचारला उठून केळी मागतात, सायकल खोलीत पलंगाशेजारी उभी करतात आणि फेणीचं नाव काढलं की हात जोडतात!

ही मंडळी येतात ती 'आयर्नमॅन ७०.३' नावाच्या शर्यतीसाठी. आधी समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानेच सायकलवर बसून ९० किलोमीटर जायचं आणि मग २१.१ किलोमीटर धावायचं. तेही साडेआठ तासांच्या आत. मैलांत मोजलं तर हे अंतर ७०.३ भरतं, म्हणून हे नाव. मूळ शर्यत याच्या बरोबर दुप्पट. १९७८ साली हवाई बेटांतल्या ओआहू बेटावर जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्युडी यांच्या डोक्यातून ती निघाली. खरा दमदार कोण, पोहणारा, धावणारा की सायकलवाला? या वादाचा निकाल लावण्यासाठी त्यांनी तिन्ही प्रकार एकाच दिवसात कोंबले. पहिल्या वर्षी १५ जण उतरले, १२ जणांनी ती पुरी केली.

आपल्याकडच्या हौशी लोकांना यासाठी पूर्वी परदेश गाठावा लागे. मिलिंद सोमणने २०१५ मध्ये पूर्ण अंतराची शर्यत १५ तास १९ मिनिटांत पार पाडली, ती झुरिकमध्ये. सायकल खोक्यात घालून विमानात चढवायची म्हणजे खर्च आणि धाकधूक दोन्ही. २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात पहिली ७०.३ झाली आणि पुण्या-मुंबईच्या माणसाला ती एका रात्रीच्या प्रवासावर आली. त्या वर्षी ती जिंकली बिश्वरजित सैखोम या भारतीय खेळाडूनेच. पुढे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं कोरोनाने खाल्ली. दुसरी शर्यत ठरली १३ नोव्हेंबर २०२२ रोजी. तिलाच आम्ही चौघं मित्र निघालो होतो. चौघांचीही ही पहिलीच वेळ.

नऊ दिवसांचा ऑक्सिजन

चौघांत बँकेत काम करणारी एक मैत्रीण, एक इलेक्ट्रिकच्या सामानाचा दुकानदार, मी, आणि आमचे मास्तर. मास्तर शाळेत गणित शिकवतात. वय सत्तेचाळीस. लहानपणी वाईला कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेले, त्यामुळे पाण्यात ते आमचे गुरू. पण एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना गाठलं. नऊ दिवस ऑक्सिजनवर काढले. घरी आले तेव्हा पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाताना मध्ये खुर्चीवर टेकावं लागे. तिथून अंगण, मग गल्ली, मग मैदान, मग तलाव, असं दीड वर्ष चाललं. डॉक्टरांनी फुप्फुसांची आणि हृदयाची तपासणी करून परवानगी दिली, पण वहिनींनी दिली नव्हती. त्या म्हणाल्या, "मी बरोबर येणार. पाण्यात दम लागला तर हात वर करायचा. कबूल असेल तर चला."

मास्तर "हो" म्हणाले. पण ते ज्या सुरात म्हणाले, त्यावरून वहिनींना काही ते पटलेलं दिसलं नाही.

बुधवारी रात्री टपावर चार सायकली बांधून आम्ही पुणे सोडलं. कोल्हापूर, आजरा करत पहाटे आंबोलीला पोहोचलो. धुकं इतकं होतं की चहाच्या टपरीतला स्टोव्ह आधी ऐकू आला, टपरी नंतर दिसली. घाट उतरून सावंतवाडीत आलो आणि हवेतला गारवा संपला. अंगाला चिकट घाम सुटला. रविवारी धावायचं ते याच हवेत!

नदी की समुद्र?

पणजीचा मिरामार किनारा म्हणजे मांडवी नदी समुद्राला मिळते ती जागा. पोर्तुगीजांच्या काळात याला गास्पर दियश म्हणत. समोर पैलतीरावर रेइश मागुश आणि आग्वादचा किल्ला, वाळूलगत सुरूची झाडं आणि जवळच गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी. पर्यटकाला हा किनारा शांत, जरासा सपकच वाटतो. पण नदीच्या मुखाशी पाणी दिसतं तेवढं साधं नसतं. खालून एक ओढ असते.

शुक्रवारी सकाळी, जीवरक्षक किनाऱ्यावर आल्यावर, आम्ही पाण्यात उतरलो. पोहण्याच्या तलावात तळाला काळी रेघ असते, तिच्यावर नजर ठेवली की माणूस सरळ जातो. समुद्रात गढूळ हिरवा अंधार. दर सात-आठ हातांनंतर डोकं उचलून समोरची खूण बघावी लागते. नेमकी तेव्हाच लाट तोंडात शिरते. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं, हा फायदा खरा, पण तो घाबरलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही.

दोनशे मीटरवर मास्तर थांबले. उताणे झाले आणि आभाळाकडे बघत तसेच पडून राहिले. दुकानदार मित्र त्यांच्याशेजारी गेला. दोघं हळूहळू परत आले. वाळूवर बसल्यावर बऱ्याच वेळाने मास्तर म्हणाले, "दम गेला नव्हता रे. तोंडावर मास्क असल्यासारखं वाटलं."

वहिनींनी ऐकलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. टॉवेल तेवढा पुढे केला.

पाऊणपटीचं गणित

मिरामारला लागूनच करंझाळेचा किनारा आहे. तिथे एक म्हातारे मच्छीमार जाळं निवडत बसले होते. वहिनीच त्यांच्यापाशी गेल्या आणि रविवारी सकाळी पाणी कसं असेल म्हणून विचारलं. म्हाताऱ्यांनी उलट विचारलं, "बाय, त्या दिवशी तिथी कोणती?"

कार्तिक वद्य पंचमी. त्यांनी बोटं मोजली. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ येते. पाच पाऊण म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारला पूर्ण भरती, त्यानंतर सहा तास ओहोटी. म्हणजे दिवस उजाडल्यावर पाण्यात उतराल तेव्हा पाणी बाहेर निघालेलं असेल. जाताना ते नेईल, येताना अडवेल. जाताना हुरळून जोर लावू नका, तो परतीला ठेवा.

गणिताचे मास्तर हे ऐकून पहिल्यांदा हसले. "पंचवीस वर्षं पाऊणकी पाठ करून घेतोय पोरांकडून. तिचा हा उपयोग कुणी सांगितला नव्हता," म्हणाले.

पेज, पोई आणि मिठागरं

शर्यतीच्या आधीचे दिवस खरं तर काहीही न करण्याचे. शेवटच्या दोन आठवड्यांत व्यायाम कमी करायचा, म्हणजे स्नायूंत साखरेचा साठा भरतो आणि त्याबरोबर पाणीही. वजन किलोभर वाढतं, पाय जड वाटतात. तयारी वाया गेली असं वाटून माणूस हवालदिल होतो. गोव्यात तर मोहाची परीक्षाच! शागुती, तळलेले बांगडे, बेबिंका. पण नियम असा की पोटाला ओळख नसलेलं काही शर्यतीआधी खायचं नाही. आमच्या मैत्रिणीने खानावळीच्या मालकिणीला हे सांगितलं तेव्हा तिने उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि लोणचं पुढे ठेवलं. भात, पाणी आणि मीठ! घामाने मीठ जातं तेव्हा नुसतं पाणी ढोसणं धोक्याचं असतं, हे आम्ही पुस्तकांतून शिकलो होतो. गोव्याचा शेतकरी पिढ्यान् पिढ्या पेज पिऊन उन्हात राबत आला आहे. न्याहारीला पोई आणि केळं, एवढ्यावर आम्ही तीन दिवस काढले.

शुक्रवारी संध्याकाळी पाय मोकळे करायला सायकली काढल्या. पणजी ते रायबंदर हा सुमारे ३ किलोमीटरचा बांध पोर्तुगीजांनी १६३४ च्या सुमारास घातला. आजही त्यावरून वाहतूक चालते. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. सपाट रस्ता आणि मावळतीचं ऊन. शर्यतीचं नावही कुणी काढलं नाही.

शनिवार

शनिवारी सकाळी मास्तर पुन्हा पाण्यात उतरले. यावेळी त्यांनी पोहण्याचा सराव केला नाही. थांबण्याचा केला! पन्नास हात मारायचे, मग उताणं व्हायचं, हात सरळ वर करायचा, दहा श्वास मोजायचे आणि पुन्हा निघायचं. असं सहा वेळा. किनाऱ्यावरून वहिनी प्रत्येक वेळी आपला हात वर करून उत्तर देत होत्या.

दुपारी स्पर्धकांना नियम सांगितले गेले. पोहायला मुदत ७० मिनिटांची. दमलेल्याने हात वर करावा, कयाक जवळ येईल. तिला धरून हवा तेवढा विसावा घेता येतो. कयाकने पुढे ओढून नेलं नाही, तर स्पर्धक बाद होत नाही. मास्तरांनी हे दोनदा विचारून पक्कं करून घेतलं.

मग सायकली ठरलेल्या जागी लावून आम्ही गाडीने बांबोळीचा चढ बघून आलो. वरच्या पठारावर गोवा मेडिकल कॉलेजचं भलंमोठं रुग्णालय आहे. गाडी त्याच्यापुढून गेली तेव्हा वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "इथे जवळच आहे म्हणा." आम्ही हसलो, त्याही हसल्या. पण तो विनोद नव्हता.

रविवार

पहाटे वाळूवर शेकडो माणसं रांगेत उभी होती. टोप्या घातल्यावर सगळी डोकी सारखीच दिसतात, त्यामुळे कोण आपलं हे वहिनींना कळेना. थोड्या थोड्या अंतराने स्पर्धक पाण्यात सोडत होते. मास्तर जाताना एवढंच म्हणाले, "पाच पाऊण पावणेचार."

पाणी म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं तसंच निघालं. जाताना सोपं, वळसा घालून येताना जड. मास्तर पाण्यातून बाहेर आले ते ५८ व्या मिनिटाला. दोरीपलीकडे वहिनी उभ्या होत्या.

"अहो, किती वेळा हात वर केलात?"

मास्तरांनी दोन बोटं दाखवली.

"बरं केलंत," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना सायकलींकडे पिटाळलं. अजून ९० किलोमीटर जायचं होतं आणि त्यानंतर २१. साडेआठ तासांच्या मुदतीला एकोणीस मिनिटं बाकी असताना ते पोहोचले. आम्हा चौघांत सर्वांत शेवटी. त्या रात्री मात्र खानावळीच्या मालकिणीकडे पेज कुणीच मागितली नाही.