खेळातील बंदूक

जानेवारी २०२२ मध्ये आमच्या भोपाळात अकरा वर्षांच्या एका मुलाने आपल्या जीविताचा अंत करून घेतला, आणि त्याला ‘फ्री फायर’ या मोबाइलवरील खेळाचे व्यसन जडले होते ही वार्ता पसरताच घरोघरच्या आईबापांची दृष्टी प्रथम आपल्या मुलाच्या हातातील यंत्राकडे वळली. मध्य प्रदेशचे तत्कालीन गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी अशा खेळांवर नियंत्रण आणणारा कायदा करण्याचे लगोलग जाहीर केले. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने मनाई केलेल्या ५४ ॲपच्या यादीत हा खेळही आला, परंतु त्या हुकमाचे कारण राष्ट्राच्या सुरक्षिततेचे होते, मुलांच्या हिताचे नव्हते. त्या दिवसांत परिचितांच्या प्रत्येक बैठकीत मी एकच फिर्याद ऐकत होतो, की गोळ्या झाडण्याचे खेळ खेळून आमची पोरे हिंसक होत चालली आहेत.

या फिर्यादीचा विचार करू लागलो म्हणजे मला वाटते, की आरोप एका गुन्ह्याचा आहे आणि पुरावा मात्र दुसऱ्याच दुःखाचा दिला जात आहे. त्या बालकाने कोणावर हात उगारला नव्हता. त्यापूर्वी काही महिने, २०२१ मध्ये, छतरपूरच्या तेरा वर्षांच्या मुलाने याच खेळापायी आईच्या खात्यातील सुमारे ४०,००० रुपये गमावले आणि तिची क्षमा मागणारी चिठ्ठी मागे ठेवून तो गेला. अशी चिठ्ठी लिहिणारा मुलगा क्रूर झाला होता असे कोण म्हणेल? या खेळात प्रवेश विनामूल्य असतो, पण आत गेल्यावर पोशाख, शस्त्रांची सजावट, ते सारे घेण्यासाठी लागणारे ‘डायमंड’ नावाचे आभासी चलन, यांची किंमत खऱ्या रुपयांत मोजावी लागते, आणि कोवळ्या वयातील मुलाची सवंगड्यांतील प्रतिष्ठा त्या खरेदीवर ठरू लागते. बंदूक दर्शनी भागात आहे. दुकान तिच्या आड आहे.

शास्त्रज्ञांनीही या प्रश्नाचा दीर्घकाळ तपास केला आहे. अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये असा निर्वाळा दिला, की अशा खेळांचा आरडाओरड, ढकलाढकली यांसारख्या आक्रमकतेशी अल्पसा संबंध आढळतो, परंतु प्रत्यक्ष हिंसाचाराशी त्यांचा संबंध जोडण्यास पुरेसा आधार नाही. त्याआधी वर्षभर ऑक्सफर्डच्या संशोधकांना सुमारे हजार ब्रिटिश किशोरांच्या पाहणीत आक्रमक वर्तनाशीही असा संबंध आढळला नव्हता. जपानात व्हिडिओ गेम घरोघरी खेळले जातात, आणि तेथील खुनांचे प्रमाण जगातील अत्यल्प प्रमाणांपैकी आहे.

पण भोपाळकराला इतक्या दूर जाण्याचेही प्रयोजन नाही. डिसेंबर १९९२ मध्ये, बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर, याच शहरात शंभराहून अधिक माणसे मारली गेली, आणि ज्या हातांनी ती मारली त्यांना कोणत्याही पडद्याने नेम धरावयास शिकविले नव्हते. ते शिक्षण त्यांना अफवांनी, भाषणांनी आणि वडीलधाऱ्यांच्या मूक संमतीने दिले होते.

येथील मराठी घरांत आजही काही मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे उभे करतात, शत्रूला कड्यावरून लोटतात, आणि त्या युद्धाची भीती आजवर कोणा आईला वाटली नाही. त्या खेळाला सोबती असतो, जेवणाची हाक असते, अंधार पडला की शेवट असतो. मोबाइलवरील खेळाला संध्याकाळच नाही. एक डाव संपण्यापूर्वी दुसऱ्याचे आमंत्रण येते, आणि झोप, अभ्यास, बोलणे यांचा क्षय हळूहळू होत जातो. माझी खरी चिंता या एकांताची आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा मंजूर केला व पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांना मनाई केली, हे इष्टच झाले. परंतु मुलांना पोशाख आणि हत्यारे विकणारे दुकान त्याने बंद होत नाही. अज्ञान मुलाला पालकाच्या स्पष्ट संमतीवाचून असे काही विकता येऊ नये, एवढा बंदोबस्त सरकारने अवश्य करावा. आणि आईबापांना माझी कळकळीची विनंती आहे, की मुलाच्या पडद्यावर किती शत्रू पडले हे मोजण्याआधी तो रात्री झोपतो की नाही, कोणाशी बोलतो, किती रुपये हरला आहे, हे त्याच्याजवळ बसून विचारा. आणि हरलेली रक्कम कितीही मोठी असली तरी ती आम्हांला येऊन सांग, असे त्याला आजच सांगून ठेवा.