मिटल्या डोळ्यांचे ऐकणे

आधी जयघोष, मग मंत्र आणि त्यापाठोपाठ रूपाचा अभंग. वारकरी भजनाचा हा क्रम सांगोल्यात जसा पाळला जातो तसाच आळंदीत आणि देहूत. चाल बदलते, पट्टी बदलते, कुठे टाळकरी जास्त असतात तर कुठे एकटा पखवाज सगळे तोलून धरतो. पण देव डोळ्यांपुढे उभा केल्याशिवाय पुढचे गाणे सुरू होत नाही. विटेवरची पावले, कमरेवरचे हात, गळ्यातली तुळशीची माळ असे एकेक सुरावर सांगितले जाते आणि समोरच्या रांगेतले डोळे हळूहळू मिटत जातात. पंढरपूर सांगोल्याहून तीसेक किलोमीटरवर. मनात आले की एसटीत बसून पुरते दर्शन घेऊन रात्रीच्या जेवणाला घरी परतता येते. तरीही गावोगावी एकादशीच्या जागराला माणसे डोळे मिटून तेच रूप पुन्हा ऐकत बसतात.

हे लिहिणारा भजनाला पेटीची साथ करतो. गाणाऱ्याचा जीव शब्दांत आणि श्वासात अडकलेला असतो, पखवाजवाला लयीत बुडालेला असतो. पेटीवाल्याला मात्र चाल बोटांत बसली की समोरचे चेहरे पाहायला सवड मिळते. तेवढ्या सवडीतून एक सवय लागली. भजन संपून चहा फिरू लागला की शेजारच्या माणसाला विचारायचे, ‘मघाशी डोळे मिटले होते तेव्हा काय दिसत होतं?’

उत्तरे ऐकून सुरुवातीला नवल वाटायचे. डाळिंबाची बाग असलेल्या एका शेतकऱ्याला वारीत पुढे चालणाऱ्या वडिलांची पाठ दिसली होती, घामाने भिजलेल्या सदऱ्यासकट. एका आजींना चंद्रभागेचे वाळवंट दिसले, पण पाणी नसलेले. निवृत्त मास्तरांना काहीच दिसले नव्हते, नुसते बरे वाटत होते. विठ्ठल दिसला असे सांगणारेही होते, पण त्यांचाही विठ्ठल एकसारखा नव्हता. कुणाचा देवळातल्यासारखा काळा, कुणाचा कॅलेंडरवरचा निळसर, कुणाचा देव्हाऱ्यातल्या पितळी मूर्तीएवढा. अभंग एक, चाल एक, बसायला सतरंजीही एकच.

रूपाच्या अभंगाकडे नुसती प्रथा म्हणून पाहू नये, असे या साथीदाराला फार मनापासून वाटते. सांगोल्याच्या शेजारच्या मंगळवेढ्याचे चोखोबा. देवळात पाऊल टाकायची त्यांना मुभा नव्हती. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे, म्हणजे मृत्यूनंतरही उंबऱ्याच्या बाहेर. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा कुठे विठ्ठल मंदिराचे दार सर्वांना उघडले. त्याआधी कित्येक शतके असंख्य माणसांनी हा देव पाहिला तो कानाने. त्यांच्या वाट्याला आलेले दर्शन ते एवढेच, आणि गाण्याने ते त्यांच्यापर्यंत पोचवले. ऐकताना मनात चित्र उभे राहणे ही फावल्या वेळची करमणूक आहे असे कुणी म्हटले, तर त्याला हा इतिहास सांगावा लागतो.

गाण्यातून चित्र उमटते हे राजेरजवाड्यांनीही ओळखले होते. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा १५८० पासून १६२७ पर्यंत गादीवर होता. त्याने दखनीत ‘किताब-ए-नौरस’ रचली आणि तीत रागांची वर्णने माणसांच्या रूपात केली: कुणाचा वर्ण, कुणाची वस्त्रे, कुणाच्या हाती काय. त्याच्या लाडक्या तंबोऱ्याला ‘मोतीखान’ असे नाव होते. दख्खनच्या दरबारांत रागमाला चित्रेही याच सुमारास निघाली. पण चित्रकाराने राग एकदा कागदावर उतरवला की त्याला एक चेहरा मिळतो आणि बाकीचे चेहरे मागे पडतात.

प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाने, १९३६ साली, नेमके हेच केले. विष्णुपंत पागनीसांनी तुकोबा असे साकारले की घरोघरी तसबिरीत तेच रूप जाऊन बसले. त्यानंतर तुकोबांचे अभंग ऐकताना किती जणांच्या मिटल्या डोळ्यांपुढे पागनीस येत असतील! चित्रपट थोरच आहे. पण ऐकणाऱ्याच्या मनातल्या कितीतरी तुकोबांची जागा एकाने घेतली, हेही खरे.

‘गीतरामायणा’चे मात्र उलटे झाले. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे वर्षभर आठवड्याला एक अशी ५६ गीते लोकांनी ऐकली. ती लिहिणारे गदिमा, म्हणजे ग. दि. माडगूळकर, सांगोल्याच्याच माणदेशाचे. त्यांचे माडगूळ आटपाडी तालुक्यात, म्हणजे सांगोल्याला लागूनच. तिथल्या शेतातल्या ‘बामणाच्या पत्र्या’त बसून त्यांनी कितीतरी लेखन केले. भोवती बाभळी, माळ, मेंढरे. आणि याच माळावरच्या माणसाने शरयूचा काठ शब्दांत उभा केला. तेव्हा गावात रेडिओ मोजकेच. प्रसारणाच्या वेळी लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. समोर चेहरा नव्हता, पडदा नव्हता. सुधीर फडक्यांची चाल आणि एक लाकडी पेटी. प्रत्येक घरातला राम त्या त्या घराचा होता. १९८७ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली आणि साऱ्या देशाला रामाचा एकच चेहरा मिळाला.

ऐकताना जे दिसते ते येते कुठून? संगीतशास्त्राच्या पुस्तकांत रागाला रस जोडलेला असतो, प्रहर जोडलेला असतो, ऋतूही जोडलेला असतो. मल्हार म्हटला की पाऊस. मियाँमल्हारात कोमल गंधार झुलतो, दोन्ही निषाद एकमेकांना घासून जातात, खर्जात आवाज घुमतो, आणि ऐकणाऱ्याला मेघ दाटून आल्यासारखे वाटावे अशी अपेक्षा असते. सांगोला तालुक्यात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक परतीचा. आषाढात इथे सरी येत नाहीत, वारा येतो. कोल्हापूर-सांगलीकडून निघालेल्या दिंड्या या वाऱ्यातून, धुरळ्यातून पंढरपूरकडे जातात. खरा पाऊस उत्तरा-हस्ताच्या सुमाराला, दिवसभर उकडल्यावर संध्याकाळी विजा घेऊन येतो. कधी येतच नाही. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आणि ज्यांनी अलीकडे चारा छावणीत जनावरांपाशी रात्री काढल्या, अशा माणसांना मियाँमल्हाराची ध्वनिमुद्रिका ऐकवली की ती पावसाबद्दल बोलत नाहीत. आभाळाबद्दल बोलतात. ‘भरून आलंय, पण पडंल का न्हाई सांगता येत नाही’ असे एकाने स्वरांबद्दल सांगितले. त्या रागातल्या आंदोलित गंधाराचे याहून नेमके वर्णन या साथीदाराने ग्रंथांत वाचलेले नाही.

अशा निरीक्षणांना प्रयोगाचाही आधार आहे. एलिझाबेथ मार्गुलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शब्द नसलेले तेच तुकडे त्यांनी अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या श्रोत्यांना आणि चीनमधल्या दिमेन नावाच्या खेड्यातल्या श्रोत्यांना ऐकवले आणि मनात कोणती गोष्ट आली ते लिहायला सांगितले. दोन्ही राज्यांतल्या अमेरिकनांच्या गोष्टी एकमेकींशी बऱ्याच जुळल्या. दिमेनकरांच्या गोष्टी त्यांच्या आपसांत जुळल्या, पण अमेरिकनांच्या गोष्टींहून वेगळ्या निघाल्या. म्हणजे कल्पना मोकाट सुटत नाही. माणूस ज्या मातीत, ज्या गोष्टी ऐकत वाढला, तिथूनच ती उचलते. दिमेन आणि सांगोला यांच्यात हजारो कोसांचे अंतर आहे, तरी हा निष्कर्ष वाचताना चहाच्या वेळची सगळी उत्तरे आठवतात.

धनगरांच्या ओवीत हे फार लख्ख दिसते. सुंबरान मांडले, म्हणजे देवाचे स्मरण करून गाणे सुरू झाले, की धनगरांच्या बिरोबाची कथा कधी गाऊन, कधी बोलून पुढे सरकते. देव कुठल्या माळावर थांबला, मेंढरे कुठल्या ओढ्याला पाणी प्याली, हे सगळे नावानिशी येते. ऐकणारा त्या माळावर स्वतः मेंढरे घेऊन राहिलेला असतो. त्याला कल्पना करावी लागत नाही, तो फक्त ओळखतो. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या या ओव्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला, तो देव, वाट आणि गाणे यांची अशी घट्ट वीण पाहूनच.

आणि धनगरांचाच गजी ढोलाचा नाच? तिथे चित्राचा प्रश्नच उरत नाही. ढोलांची रांग एका दमात वाजू लागली की आवाज कानाआधी छातीत आणि पायांत शिरतो. भंडारा उधळलेला असतो, झांजा कडाडत असतात. त्या वेळी काय दिसत होते असे नाचणाऱ्याला नंतर विचारले तर तो नुसता बघत राहतो. ऐकण्याचा हाही एक पुरता, श्रीमंत प्रकार आहे. त्याला चित्राची गरज नाही.

न वाजवलेले ऐकू येण्याची सर्वांत सुंदर गोष्ट मात्र तंबोऱ्याची. सांगोल्यावरून जाणारी रेल्वे पंढरपूर आणि मिरज यांना जोडते. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९२७ साली मिरजेपर्यंत पोचली. एका टोकाला विठोबा, दुसऱ्या टोकाला तंबोरे घडवणारी गल्ली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्यांचे भोपळे पिकतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात. खाण्याच्या उपयोगाचा नसलेला हा भोपळा वाळवून, कोरून कारागीर त्याला दांडी जोडतो, घोडीवर तार बसवतो आणि तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवत जवारी काढतो, म्हणजे तारेला बोलते करतो. हे काम निव्वळ कानाचे. धागा केसभर इकडेतिकडे झाला की तार मुकी होते.

जवारी नीट लागली आणि खर्जाची तार छेडली, की त्या षड्जातून गंधार ऐकू येतो. तो कुणी वाजवलेला नसतो, त्याची तारही नसते. शास्त्र सांगते की तो त्या तारेचा पाचवा उपस्वर. घोडीच्या किंचित वक्र, पसरट पाठीमुळे असे उपस्वर कसे उठून येतात, याकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास लक्ष वेधले होते. म्हणजे तो स्वर हवेत खरोखर असतो. तरी नव्या विद्यार्थ्याला तो ऐकू येत नाही. गुरू म्हणतो, ‘ऐक, गंधार बोलतोय,’ आणि मूल गोंधळून पाहत राहते. मग एखाद्या दिवशी अचानक ऐकू येतो, आणि त्यानंतर न ऐकू येणे अशक्य होते. असलेले ऐकायलाही आधी मनाने त्याची वाट पाहावी लागते.

वाट पाहण्याचा हा भाग साथीदाराच्या हातात असतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या वॅलोरी सलिमपूर, रॉबर्ट झाटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की आवडत्या गाण्यातल्या उत्कट क्षणी मेंदूत डोपामिन स्रवते, पण ते त्या क्षणाच्या आधीपासूनच, मेंदूच्या वेगळ्या भागात, स्रवू लागलेले असते. पखवाजवाल्याला हे प्रयोगाशिवाय माहीत असते. गजर चढत जातो, टाळ दुप्पट होतात, आणि ध्रुवपदावर यायच्या आधी कसलेला हात एक मात्रा मोकळी सोडतो. धुमेवरची, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावरची, ओली कणीक नुकतीच नीट केलेली असली तर पुढचा ‘धा’ असा भरून येतो की सगळ्या मानांना एकदम झोका बसतो. ती मोकळी मात्रा भरून काढायचा मोह नवशिक्याला फार होतो. पेटीवाल्याला तर त्याहून जास्त, कारण भात्यात हवा आहे तोवर सूर थांबवायला त्याला काही कारणच नसते.

या लेखकाला साथीतले जे थोडेफार उमगले ते एवढेच, की ऐकणाऱ्याला चित्र द्यायला जाऊ नये. शब्दात ‘मेघ’ आला की पेटीवर गडगडाट, ‘मुरली’ आली की वरच्या सप्तकात हरकत, असे वाजवणाऱ्याला टाळ्या मिळतात. पण डोळे मिटलेले असतात ते अशा वेळी उघडतात. लोक पेटीकडे पाहू लागतात आणि वडिलांची घामेजली पाठ निघून जाते. रूपाच्या अभंगाला तर पेटीने स्वर धरून ठेवावा, गाणाऱ्याच्या श्वासापुरता, आणि दोन चरणांमध्ये विणेकऱ्याची तार ऐकू येईल एवढे थांबावे.

राहता राहिले ते निवृत्त मास्तर, ज्यांना काहीच दिसले नव्हते. पुन्हा विचारल्यावर ते थोडे ओशाळले, जणू भक्तीत काही कमी पडले. ओशाळण्याचे काहीच कारण नाही. काही माणसांच्या मनात चित्रे उमटतच नाहीत. ॲडम झीमन यांनी २०१५ मध्ये या अवस्थेला ‘अफँटेझिया’ असे नाव दिले, आणि अशी माणसेही गाण्याने गलबलून जातात. स्वीडनमध्ये आल्फ गॅब्रिएल्सन यांनी हजाराच्या आसपास लोकांकडून संगीताचे उत्कट अनुभव लिहून घेतले. त्यांत चित्रे आहेत, तसेच काटे येणे आहे, रडू आहे, अंग हलके होणे आहे, वेळेचे भान जाणे आहे.

सांगोला तालुक्यात बहुतेक गावांत भजनी मंडळ आहे, बायकांची हरिपाठ मंडळे आहेत, ओवी गाणारे धनगर अजून आहेत. काय गायले जाते याच्या वह्या सगळ्यांकडे असतात. ऐकणाऱ्याला काय वाटले, काय दिसले, याची वही कुणी ठेवत नाही. कॉलेजात मराठी किंवा मानसशास्त्र शिकणाऱ्या इथल्या मुलामुलींनी हे काम हाती घ्यावे. आषाढीला दिंड्या मुक्कामाला येतात तेव्हा एका रात्रीत कोकणकाठचे, घाटावरचे आणि कर्नाटकातले श्रोते एकाच मंडपात मिळतात. विचारायचे ते मात्र भैरवी संपल्या संपल्या नको. आधी चहा होऊ द्यावा, टाळ पिशवीत जाऊ द्यावेत, आणि मग एकेकाशेजारी बसून, मोबाइल बाजूला ठेवून, त्याच्या बोलीत तो जसे सांगेल तसेच उतरवून घ्यावे.