उरलेली पावले

येडगावच्या धरणात साठणारे कुकडीचे पाणी ज्या डोंगररांगांतून येते, त्याच डोंगररांगांत जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. कोकणातील बंदरांवर उतरलेला माल प्राचीन काळी या वाटेने घाटमाथ्यावर चढून जुन्नरला येई. घाटातील दगडी रांजण जकातीचा होता, असे परंपरेने सांगितले जाते.

या घाटातील लेण्याच्या मागील भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. काळाच्या ओघात त्या नष्ट झाल्या. वर ब्राह्मी लिपीतील नावे, खाली पावलांच्या खुणा आणि मध्ये मोकळा पाषाण, एवढेच उरले आहे. सिमुक सातवाहन, कुमार भाय, महारठी त्रणकयिर अशी ती नावे आहेत. देवी नायनिका आणि राजा सातकर्णी यांचा नामलेख एकत्र असून त्यात राणीचे नाव आधी येते. तेवढ्या एका क्रमावरून पाहणाऱ्याच्या मनात एक करारी स्त्री उभी राहू लागते. बाजूच्या भिंतींवरील दीर्घ लेखात यज्ञांची, गायींची, कार्षापणांच्या दक्षिणेची नोंद आहे; तोही जागोजागी तुटलेला आहे. मूर्ती अखंड असती तर पाहणारा मुकुट आणि अलंकार न्याहाळून पुढे गेला असता. रिकामा पाषाण त्याला थांबवतो.

ही दृष्टी जैन कुटुंबांना अपरिचित नाही. दिगंबर परंपरेतील सिद्धप्रतिमेत धातूच्या पत्र्यातून मानवाकृती कापून काढलेली असते. जिथे देह असावा तिथे पोकळी असते. सम्मेदशिखरजीच्या टोकांवर भाविक चरणचिन्हांनाच वंदन करतात. तिथली रिक्तता श्रद्धेने योजलेली, तर नाणेघाटातील काळाने घडवलेली. तरी दोन्ही ठिकाणी उरलेले काम पाहणाऱ्याच्या अंतःकरणावर सोपवलेले असते.

व्यापारी घराण्यांतही हेच घडते. खापरपणजोबांचे छायाचित्र घरात नसते. असते ती जीर्ण वही आणि तीतील मोडी अक्षर. त्या अक्षराच्या वळणावरून नातवंडे त्यांचा स्वभाव, त्यांची काटकसर, त्यांचा शब्द मनात रचतात. त्यात गैर काही नाही. मात्र न आलेली रक्कम जसा कोणी जमेस धरत नाही, तसाच कल्पनेने रचलेला चेहरा इतिहासाच्या खात्यात मांडता येत नाही. मनातील नायनिका मनातच राहावी.

म्हणूनच भग्न शिल्प नवे करून पुरे करण्याचा मोह आवरावा लागतो. नाणेघाटाच्या भिंतीवर उद्या सुबक मूर्ती बसवली, तर एका कारागिराची कल्पना सर्वांची होईल आणि पुढे येणाऱ्यांना कल्पिण्यासारखे काही उरणार नाही. तो मोकळा पाषाण पुढील पिढ्यांच्या नावे ठेवलेली शिल्लक आहे; ती खर्ची टाकण्याचा अधिकार कोणत्याही एका पिढीस नाही.