बास्केटबॉल पोल – २ नग

मी अर्धापूरचा. एवढं सांगितलं की आपल्या हॉस्टेलवर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग केळी कुठंयत?" २०२२ साली फर्स्ट इयरला आलो तेव्हा डोक्यावर गादी, हातात केळीच्या दोन फण्या आणि उंची सहा फूट एक इंच अशा अवतारात मी गेटमधून आत शिरलो. फण्या रूमपर्यंत पोचल्याच नाहीत, जिन्यातच संपल्या. नाव मात्र कायमचं चिकटलं, 'केळीचा खुंट'!

उंची बघून सिनियर विचारायचे, "बास्केटबॉल खेळतोस का?" आमच्या शाळेत कबड्डी होती, व्हॉलीबॉल होता, आणि बाकी वेळ क्रिकेट. बास्केटबॉल मी फक्त टीव्हीवर बघितला होता. त्यामुळे मेसच्या मागचं ते सिमेंटचं कोर्ट माझ्यासाठी पहिले चार महिने कपडे वाळत घालायची जागा होती.

मग पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला. एम-वनमध्ये अठरा मार्क! बारावीला गणितात नव्वदच्या वर असलेला मुलगा मी. गावात बाबांनी पेढे वाटलेले. आता कोणत्या तोंडानं सांगायचं? रात्रभर विचार केला आणि ठरवलं, हे आपल्याला जमणारं नाही. घरी जायचं, बाबांबरोबर केळीत काम करायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅग भरून खाली उतरलो.

कोर्टाच्या कडेला आमच्या टीमचा कॅप्टन बुटाची लेस बांधत बसला होता. परभणीकडचा, फायनल इयरचा. बॅग बघून म्हणाला, "कुठं चाललास बे खुंटा?"

"घरी."

"बस किती वाजता?"

"साडेसातला."

"मग तासभर हाय की. तोवर बॉल तरी उचलून दे."

मी रिंगखाली उभा राहिलो. तो टाकायचा, मी उचलून द्यायचा. थोड्या वेळानं म्हणाला, "आता तू टाक." पहिले पंधरा-वीस बॉल रिंगला शिवलेसुद्धा नाहीत. मग एक गेला आत. कसा गेला ते मला आजही सांगता येणार नाही. अंधार पडला तेव्हा साडेसातची बस निघून गेली होती. त्यानं एकदाच विचारलं, "किती पडले?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मला अकरा पडले होते."

त्यानंतर रोज खेळ संपला की तो खडू घेऊन कोर्टावरच बसायचा. फ्री थ्रो लाइनच्या आत मॅट्रिक्सची रँक, लाइनच्या बाहेर पार्शियल डेरिव्हेटिव्ह. सकाळी मामा झाडू मारायला यायचे आणि आमचं सगळं गणित पुसून टाकायचे. एम-वन पुढच्या परीक्षेत निघाला. कोर्टाचं हे ऋण माझ्यावर आहे, म्हणून हा लेख.

मार्च २०२५ मध्ये नोटीस बोर्डावर कागद लागला. मेसमागील जुने व वापरास अयोग्य कोर्ट काढून तेथे दुचाकी पार्किंग करण्याचे प्रस्तावित आहे. वापरास अयोग्य हे खोटं नव्हतं. मेसच्या बाजूनं एक लांबच लांब भेग पडली होती. बॉल तिच्यावर पडला की कुठं उसळेल याचा नेम नाही. दोघांचे घोटे त्या भेगेनंच मुरगळले होते. पण काढून टाकायचं?

आम्ही चौघं-पाचजण सरांना भेटलो. सर शांतपणे म्हणाले, "अरे, त्या कोर्टाला काही इतिहास आहे का? कधी बांधलं, कोण खेळलं, काहीतरी आणा. नुसतं 'आमचं कोर्ट, आमचं कोर्ट' म्हणून कसं चालेल?"

मग आम्ही इतिहास शोधायला निघालो. लायब्ररीत वार्षिकांकांचे जुने गठ्ठे उपसले. गॅदरिंगचे फोटो, पाहुण्यांचे फोटो, शंभर कविता. बास्केटबॉल टीमचा एकच फोटो, तोही निम्मा वाळवीनं खाल्लेला. कोनशिला नाही, उद्घाटनाची पाटी नाही. शेवटी स्टोअरच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये एक ओळ सापडली : 'बास्केटबॉल पोल – २ नग'. वर खुर्च्या, खाली पाण्याचा ड्रम. झाला इतिहास!

एप्रिलमध्ये बाबा माझं सामान न्यायला आले. मेसमध्ये चहा घेऊन आम्ही कोर्टावरून जात होतो, तर ते भेगेपाशी थांबले. खाली वाकले, कडेचं गवत उपटून बघितलं. म्हणाले, "आरं, हितं पाणी मुरायलंय."

मी म्हटलं, "बाबा, एप्रिल चालू आहे. पाणी कुठलं?"

"तेच म्हणायलोय. सगळं रान वाळून कोळ झालंय आन् हितं गवत हिरवंगार कसं?"

मी सिव्हिलचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. सॉइल मेकॅनिक्समध्ये चांगले मार्क. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, हे जर्नलमध्ये मी स्वतःच्या हातानं आकृतीसह उतरवलेलं! पण मेसच्या हात धुवायच्या बेसिनचं पाणी फुटक्या पाइपातून रोज कोर्टाच्या पोटात जातं, हे तीन वर्षांत माझ्या ध्यानात आलं नाही. मेसकडची माती बारा महिने ओली म्हणून फुगलेली, दुसऱ्या बाजूची उन्हाळ्यात आकसलेली. मधला स्लॅब वाकणार नाही तर काय होईल? ज्या काळ्या रानावर आमची केळी पोसते, तेच रान काँक्रीटखाली असं वागतं. कोर्ट म्हातारं झालं नव्हतं, त्याचे पाय फक्त ओले होते.

रोग कळला. पण 'इतिहास आहे का' या प्रश्नाचं उत्तर अजून नव्हतं. ते मला मुंबईत मिळालं.

मे-जूनमध्ये ट्रेनिंगसाठी मी मुंबईत होतो. भायखळ्याला मावसभावाच्या खोलीवर राहायचो. एका संध्याकाळी नागपाड्याकडून पायी येत होतो. हॉर्न, हातगाड्या, कबाबचा धूर. त्या गोंधळात कानावर ओळखीचा आवाज आला, धप्, धप्, धप्. आवाजाच्या मागं गेलो तर चारी बाजूंनी इमारती आणि मध्ये उघड्यावरचं कोर्ट. दहा-बारा वर्षांची पोरं, चाळिशीतले काका, सगळे एकाच कोर्टावर. एक काका एका पोराचं मनगट धरून त्याला बॉल कसा सोडायचा ते दाखवत होते. मी भिंतीला टेकून तासभर बघत राहिलो.

रूमवर येऊन वाचायला लागलो. १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्यात 'नागपाडा नेबरहूड हाउस' सुरू केलं. आजूबाजूला गिरणी कामगार, हमाल, दाटीवाटीच्या खोल्या. अशा वस्तीसाठी वाचनालय, वर्ग आणि खेळ. इथल्या गल्ल्यांतल्या पोरांना बास्केटबॉलचं वेड लागलं ते पिढ्यान् पिढ्या उतरलं नाही. याच नागपाड्याचे अब्बास मुन्तासिर भारताकडून खेळले, कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

पुढची गोष्ट वाचून तर मी उठून बसलो. १९३६ साली याच नेबरहूड हाउसमध्ये 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झालं, आणि पहिले संचालक हेच मॅनशार्ट. १९४४ साली त्याचं नाव बदललं : टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. म्हणजे आपली टिस! १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आपल्याकडे आधी विद्यापीठ होतं आणि मैदान मागून, जमलं तर, होतं. इथं पोरांच्या खेळण्या-शिकण्याच्या घरातून विद्यापीठ उभं राहिलं.

मग मला नादच लागला. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचं 'ॲलन फील्डहाउस' म्हणून बास्केटबॉलचं मोठं बंदिस्त स्टेडियम आहे. १ मार्च १९५५ ला उघडलं, पंधरा हजारांवर माणसं बसतात. नाव आहे फॉग ॲलन या प्रशिक्षकाचं. पण आतल्या कोर्टाला वेगळं नाव आहे, जेम्स नाइस्मिथ यांचं. ज्यांनी १८९१ च्या डिसेंबरमध्ये हा खेळ शोधून काढला, ते नाइस्मिथ १८९८ साली या विद्यापीठात आले, आणि ॲलन हे त्यांचे विद्यार्थी. छपराला शिष्याचं नाव, जमिनीला गुरूचं!

आणि नाइस्मिथ यांचं पहिलं कोर्ट कसलं होतं? स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेतली साधी व्यायामशाळा. त्यांनी तिथल्या शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, म्हणून त्यानं पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून आजही जगात सगळीकडे रिंग दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर. ज्या उंचीला मी चार महिने घाबरलो ती कोणा शास्त्रज्ञानं काढलेली नाही, ती एका कठड्याची उंची आहे.

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा अधिकृतपणे आला, तोही उघड्यावर, मातीच्या कोर्टावर. फायनलच्या दिवशी पाऊस. चिखलात बॉल उसळेना. अमेरिका १९, कॅनडा ८, एवढ्यावर सामना संपला. तरी तो ऑलिम्पिकचा सामनाच. नाइस्मिथ त्या स्पर्धेला हजर होते.

हे सगळं वाचून मला सरांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. कोनशिला नसली तरी इतिहास असतो. कॅप्टननं मला बॉल उचलायला लावलं. त्याला अकरा मार्क पडल्यावर कोणीतरी असंच थांबवलं असणार, आणि त्या कोणालातरी आणखी कोणीतरी. ही साखळी जिथं घडते ती जागा म्हणजे कोर्ट. नागपाड्यात ती शंभर वर्षांच्या आसपास चालू आहे. आपल्याकडे रजिस्टरमध्ये 'पोल – २ नग' एवढंच लिहिलंय, कारण माणसं डेड स्टॉकमध्ये येत नाहीत.

जुलैमध्ये आम्ही सरांना पुन्हा भेटलो. ह्या वेळी हातात अर्ज, नकाशा आणि एस्टिमेट होतं. सरांनी एस्टिमेट दोनदा वाचलं, एका बेरजेवर लाल खूण केली (चुकलीच होती!) आणि म्हणाले, "आधी पाइप दुरुस्त करा. पाइप न करता कोर्ट केलं तर पुढच्या वर्षी परत याल." पूर्ण २८ बाय १५ मीटरचं कोर्ट बजेटमध्ये बसत नव्हतं. मेसकडचं निम्मं मंजूर झालं. पार्किंग गेटजवळ सरकलं. थोडे पैसे गॅदरिंगमधून वाचवले, थोडे माजी विद्यार्थ्यांनी पाठवले. कॅप्टन आता पुण्यात नोकरीला आहे. पैशांबरोबर त्याचा एका ओळीचा मेसेज आला, "भेगेत खडूचा चुरा सापडला तर ठेव माझ्यासाठी."

डिसेंबरमध्ये काम झालं. जुना स्लॅब फोडला, खालची काळी माती काढली, मुरूम थराथरानं टाकून पाणी मारून दाबला. वर सोलिंग, मग काँक्रीट. चौकोन पाडून मध्ये जॉइंट ठेवले, आणि पाणी मेसच्या उलट दिशेला जाईल असा बारीक उतार दिला. मग क्युरिंग. गोणपाट अंथरून चौदा दिवस पाणी. पुस्तकात 'क्युरिंग' हा दोन मार्कांचा प्रश्न आहे. डिसेंबरात पहाटे सहाला बादली उचलली की कळतं तो किती मार्कांचा आहे!

तिसऱ्या दिवशीपासून एक फर्स्ट इयरचा मुलगा न सांगता यायला लागला. किनवटकडचा, फारसा बोलायचा नाही. मामांनी त्याला एक जुनी बादली दिली. चौदाव्या दिवशी गोणपाट काढताना मी विचारलं, "खेळतोस का?" म्हणाला, "नाही. दादा, एम-वन खूप अवघड जातंय." मी हसलो नाही. खिशात खडू नव्हता, म्हणून विटेचा तुकडा घेतला.

मे महिन्यात मी इथून जाईन. आमच्या टीममध्ये बॉल आणि हवा भरायच्या पंपाची सुई कॅप्टनच्या कॉटखाली असते आणि जाताना तो ती पुढच्याला देतो. माझ्याकडे ती दोन वर्षं होती. सुई थोडी वाकलीय, पण चालते. कोणाला द्यायची ते ठरलंय.

उरलेलं निम्मं कोर्ट अजून जुनंच आहे. तिकडे भेग नाही, पण पावसाळ्यानंतर कडेला गवत दिसलं तर बघत जा. आणि कोणी बॅग घेऊन जिन्यातून उतरताना दिसला तर त्याला बस किती वाजताची आहे ते विचारा. तासभर असतोच.

– अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी