तेल वर, पाणी खाली

घरात कोकणी, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी अशा तीन भाषांवर आमचं पोट आणि मन चालतं. उर्दू शाळेत पोरांना शिकवताना 'हम' म्हणायची इतकी सवय झाली आहे की मराठीत लिहायला बसलं तरी 'मी' लेखणीतून उतरत नाही. तेव्हा वाचकांनी आमच्या 'आम्ही'ला गर्व समजू नये. गर्व करावा असं या लेखात काही नाहीच. उलट जे आहे ते कबूल करायला चार वर्षं लागली.

आमच्याकडे एक यामाहा आरएक्स 100 आहे, काळ्या रंगाची. ज्यांच्याकडे पैसा आहे ते स्पोर्ट्स कार पाळतात, तिला पॉलिश करतात, सुट्टीच्या दिवशी इंजिन उघडून बसतात. आमच्यासारख्या मास्तराची स्पोर्ट्स कार ही एवढीच. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, 50 मिलिमीटरचा बोअर, 50 मिलिमीटरचाच स्ट्रोक, अकराएक हॉर्सपॉवर, आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. वजन कमी आणि दम जास्त, म्हणून ती सुटते तेव्हा बाण सुटल्यासारखी सुटते. आपल्या देशात ती 1985 ते 1996 या काळात तयार झाली. मग धुराचे नियम कडक झाले आणि ती बंद पडली. पण बंद पडलेल्या वस्तूवरच माणसाचा जीव जास्त जडतो.

गाडी अब्बांची. अब्बा कुवेतला होते. ऑगस्ट 1990 मध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि दीड लाखाहून जास्त हिंदुस्थानी माणसं जीव मुठीत धरून परतली, त्यांत अब्बाही होते. हातात एक बॅग. पुढे वर्षभर चिपळूणच्या बाजारात दुसऱ्याच्या दुकानात बसून त्यांनी पैसे जमवले आणि 1992 साली ही गाडी घेतली. अम्मी म्हणायची, "घराचं छप्पर गळतंय आणि तुम्ही गाडी आणता?" अब्बा म्हणायचे, "छप्पर गळलं तर माणूस भिजतो, हिंमत गळली तर माणूस बुडतो." आम्ही तेव्हा चार वर्षांचे होतो. पेट्रोलच्या टाकीवर बसून दोन्ही हातांनी हँडलचा मधला दांडा धरायचा आणि गुहागरपर्यंत वारा खायचा, ही आमची पहिली आठवण.

अब्बा 2018 साली अल्लाहला प्यारे झाले. गाडी आमच्याकडे आली. फेरनोंदणी, हरित कर, विमा असे सगळे सोपस्कार आम्ही करत आलो. अब्बांची निशाणी म्हणून तिला चकचकीत ठेवायचो. क्रोमच्या मडगार्डवर बोटाचा ठसा दिसला तरी आमचा जीव खालीवर व्हायचा. घरची मंडळी म्हणायची, "पोरांची नाकं पुसा आधी."

मग 2021 सालचा पूर आला. 21 जुलैला बकरी ईद होती. दिवसभर पाऊस ओतत होता, पण कोकणात जुलैच्या पावसाला कोण घाबरतं? गोश्त वाटून झालं, पोरं जेवून झोपली. मध्यरात्रीनंतर वाशिष्ठीचं पाणी गल्लीत आलं, आणि 22 तारखेची सकाळ आम्ही माळ्यावर पाहिली. 2005 चा पूर आमच्या अम्मीला पाठ होता. ती म्हणाली, "हे त्यापेक्षा जास्त आहे." कागदपत्रं, कुरआन शरीफ, पोरं, तांदळाची गोणी एवढं वर चढवलं. गाडी पडवीच्या खांबाला दोराने बांधली होती. आधी टायर बुडालं, मग टाकी, मग हँडल. शेवटी आरशाचं एक टोक पाण्यावर दिसत होतं. थोड्या वेळाने तेही दिसेना.

पाणी उतरल्यावर चिपळूणची काय हालत होती ते सांगायला नको. माणसं गेली, दुकानं गेली, घराघरांत गुडघाभर चिखल. बाहेरगावाहून लोक टेम्पो भरभरून पाणी, चटया, भाकऱ्या घेऊन आले. कोणी कोणाची जात विचारली नाही. अशा वेळी आपल्या गाडीचं नाव तोंडातून काढायची लाज वाटते. पंधरा दिवस आम्ही तिच्याकडे पाहिलंही नाही. ती पडवीत आडवी पडून होती.

शहरातल्या गॅरेजांसमोर बुडालेल्या गाड्यांच्या रांगा होत्या. शाळा कोरोनामुळे मोबाईलवर चालली होती आणि पुरात तो मोबाईलही गेला होता. तेव्हा ठरवलं, आपणच करू. आम्ही बी.एस्सी., बी.एड. आहोत, विज्ञान आणि गणित शिकवतो. एका शंभर सीसीच्या इंजिनाला काय घाबरायचं?

पहिली गोष्ट आम्ही बरोबर केली. बुडालेल्या गाडीला किक मारली नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोराने किक मारली तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आम्ही प्लग काढला, मग हळूच किक दाबली. प्लगच्या भोकातून मातकट पाण्याचं कारंजं उडालं. गिअर ऑईल काढलं तर ते दूध जास्त झालेल्या चहासारखं. डिझेल टाकून दोन-तीनदा धुतलं. कार्बोरेटर उघडून जेटमधला गाळ बारीक तारेने नव्हे, तर पेट्रोल आणि हवेने साफ केला, कारण तारेने जेटचं भोक मोठं होतं. सायलेन्सरची आतली नळी काढली तर तिच्यातून वाशिष्ठीची अर्धी पाटी माती निघाली. टाकीत गंज होता. तिच्यात बारीक नटबोल्ट आणि व्हिनेगर टाकून ती पोराला झुलवावं तशी झुलवली, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवली.

टूटी ऑईलची वेगळी टाकी या गाडीत बाजूच्या झाकणामागे असते. तिथून ऑईल खालच्या नळीने पंपात जातं आणि पंप ते इंजिनाला पाजतो. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला मिळणारं वंगण तेवढंच. आम्ही झाकण उघडून आत डोकावलो. वर स्वच्छ ऑईल दिसत होतं. म्हटलं, अल्लाहची मेहेरबानी, इथे पाणी गेलं नाही. थोडं नवं ऑईल वरून ओतलं आणि झाकण लावलं.

सप्टेंबरात गाडी सुरू झाली. तेरावी की चौदावी किक असेल. तो आवाज गल्लीत घुमला आणि अम्मी ओले हात पुसत दारात आली. काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "क्षणभर वाटलं, आलेच."

पहिल्या पेट्रोलमध्ये सावधगिरी म्हणून आम्ही ऑईल मिसळलं होतं. त्यावर गाडी गावात आठवडाभर छान फिरली. मग आम्हाला चमकवायचा नाद चढला. क्रोमवरचा गंज अ‍ॅल्युमिनियमचा कागद ओला करून घासला की निघतो, हे तेव्हा शिकलो. इंजिनाची झाकणं ब्रासोने घासली. चेन रॉकेलमध्ये धुतली. टाकीला वॅक्स लावून जुन्या बनियनने इतकं घासलं की तिच्यात तोंड दिसावं. दोन रविवार यात गेले. शेजारी येऊन पाहायचे आणि म्हणायचे, "मास्तर, शोरूममधून काढल्यासारखी झाली."

तिसऱ्या रविवारी अम्मीला खालाकडे घेऊन निघालो, गुहागर रस्त्याने. निघताना नवं पेट्रोल भरलं, ऑईल न मिसळता. पंप आहे ना आता! रामपूर मागे पडलं. गाडी पन्नासवर होती. एकाएकी इंजिनाचा आवाज घोगरा झाला, आणि आम्हाला काही कळायच्या आत मागचं चाक जागच्या जागी थांबलं. क्लच दाबायला हवा होता. उशीर झाला. गाडी घसरली. आम्ही एका बाजूला, अम्मी दुसऱ्या बाजूला. तिने हात टेकला होता. मनगट मोडलं.

थोड्या अंतरावर एक पत्र्याचं गॅरेज होतं. तिथून एक तरुण धावत आला. गाडीकडे त्याने पाहिलंही नाही. अम्मीला सावलीत बसवलं, पुठ्ठ्याचा तुकडा आणि स्वतःचा रुमाल घेऊन हात बांधला, रिक्षा थांबवली. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "सर, आप जाइये. गाड़ी मैं देखता हूँ."

'सर' ऐकून आम्ही त्याच्याकडे नीट पाहिलं.

तो आमच्या वर्गात होता. नववीत गणितात सपशेल नापास. आशारियाची, म्हणजे दशांशाची उदाहरणं त्याला कधी जमली नाहीत. दहावीचा निकाल टक्क्यांत मोजला जातो आणि अशी पोरं टक्का खाली ओढतात. आम्ही त्याच्या आईला बोलावून सांगितलं होतं, "याच्याने शिक्षण होणार नाही. कुठे कामाला लावा." ती बिचारी मान हलवत राहिली. आठवड्याने दाखला घेऊन गेली. आम्ही दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' असा शेरा दिला होता. तेवढीच आमची मेहेरबानी.

चार दिवसांनी गॅरेजवर गेलो. अम्मीचा हात प्लास्टरमध्ये होता. त्याने गाडीची ऑईल टाकी काढून ठेवली होती. आमच्यासमोर तिची खालची नळी सोडली आणि सगळं एका पांढऱ्या बाटलीत उतरवलं. बाटली फळीवर ठेवून तो गप्प उभा राहिला. थोड्या वेळाने आतला पदार्थ स्थिर झाला. खाली दोन बोटं पाणी, वर ऑईल.

"सर," तो म्हणाला, "आप ही ने पढ़ाया था. तेल ऊपर, पानी नीचे."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

कसाफत. विज्ञानाच्या पुस्तकात कसाफत म्हणजे घनता. उर्दूत त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मळ, घाण. हा धडा आम्ही दरवर्षी शिकवतो. तेल पाण्याहून हलकं, म्हणून ते तरंगतं. वरून डोकावलं की तेलच दिसणार. आणि नळी असते टाकीच्या तळाला. पंप इमानदारीने त्याला मिळेल ते पाजत होता, आणि त्याला मिळत होतं पाणी. पिस्टन कोरडा घासला, तापून फुगला आणि ब्लॉकला चिकटला. वरचं पाहून आम्ही निकाल लावला होता. टाकीचाही आणि त्या पोराचाही.

त्याने पूर्ण इंजिन उतरवलं. क्रँकच्या बेअरिंगमध्ये पुराचा बारीक गाळ तसाच होता. आमचं डिझेल तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. बेअरिंग, ऑईल सील, कनेक्टिंग रॉड नवीन. ब्लॉक लेथवाल्याकडे नेऊन अर्ध्या मिलिमीटरचा बोअर मारला. पिस्टन आणि ब्लॉक यांच्यातली फट केसाच्या जाडीहून कमी ठेवायची असते. कमी झाली तर पुन्हा जाम, जास्त झाली तर खडखड. तो मायक्रोमीटर डोळ्यांसमोर धरून आकडे वाचत होता. दशांशाचे तीन घर. वजाबाकी तोंडी. आम्ही बाजूला स्टुलावर बसून खिशातल्या पेनाने पुठ्ठ्यावर ताळा करत होतो. त्याचं उत्तर प्रत्येक वेळी बरोबर आलं.

"आशारिया कधी शिकलास?" आम्ही विचारलं.

"यहाँ ग़लती हुई तो पिस्टन के पैसे अपने जाते हैं, सर," तो हसून म्हणाला.

रिंगांची टोकं पिस्टनच्या खाचेतल्या पिनेवर बसली पाहिजेत, पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या तोंडाकडे हवा, पंपाच्या नळीतली हवा काढल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, हे सगळं त्याने आम्हाला हात धरून करायला लावलं. दोनदा चुकलो. तो रागावला नाही. "फिर से कीजिये," म्हणाला. आम्ही वर्गात हे किती वेळा म्हटलं असेल, ते आठवत बसलो.

मजुरी त्याने पूर्ण घेतली. आम्हाला त्याचं बरं वाटलं. फुकट केलं असतं तर ओझं राहिलं असतं. निघताना आम्ही सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देण्याची गोष्ट काढली. फीचंही बोललो. त्याने पान्याचं तेल पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अम्मी से पूछूँगा. उस दिन बहुत रोयी थी." कोणता दिवस ते आम्ही विचारलं नाही.

फॉर्म त्याने अजून भरलेला नाही. आम्ही दरवर्षी आठवण करतो, तो दरवर्षी हसतो. कदाचित त्याला त्या कागदाची गरज नसेल, आम्हालाच असेल.

पहिले पाचशे किलोमीटर गाडी हळू चालवली, पेट्रोलमध्ये थोडं ऑईल मिसळून, अर्ध्याहून जास्त अ‍ॅक्सिलरेटर न देता. आता ती पूर्वीसारखी सुटते. अम्मीचं मनगट मात्र पूर्ण वळत नाही. भाकरी थापताना तिला त्रास होतो. ती आम्हाला काही बोलली नाही. फक्त एकदा, आम्ही रविवारी फडकं घेऊन बसलो असताना म्हणाली, "तुझे अब्बा आधी तेल बघायचे. फडकं नंतर."

ती पांढरी बाटली आम्ही मागून आणली. कसाफतचा धडा आला की वर्गात टेबलावर ठेवतो, हलवतो आणि पोरांना म्हणतो, थांबा, घाई करू नका, जरा वेळ द्या. नववीतल्या कोणाच्या आईला बोलावून 'याच्याने होणार नाही' असं त्यानंतर आम्ही सांगितलेलं नाही. निकालाच्या टक्क्यावरून बैठकीत बोलणी बसतात. बसू देत.

आणि रविवारी आधी ऑईलची नळी सोडून तळातलं थोडं बाटलीत काढून पाहतो. मग फडकं.