दारूची मात्रा

पदव्युत्तर वर्गाला भाषांतराची तासिका घेताना मी बहुधा जिम कॉर्बेटचा एखादा उतारा देतो. त्याचे इंग्रजी सरळ असते, वाक्ये फार लांबत नाहीत आणि जंगलाच्या कडेला राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना त्यातला मुलूख परका वाटत नाही. एके वर्षी ‘जंगल लोअर’ (१९५३) मधला एक भाग दिला होता. कॉर्बेटला लहानपणी मिळालेल्या दुनळी ठासणीच्या बंदुकीचे त्यात वर्णन आहे. तिची उजवी नळी सुमारे सहा इंच उकललेली होती, कारण कोणीतरी तीत प्रमाणाबाहेर दारू भरली होती. दस्ता आणि नळ्या पितळी तारेने एकत्र आवळलेल्या होत्या. एका विद्यार्थिनीने आपले भाषांतर वाचून दाखवले. दारू जास्त झाल्याने नळी फाटली, अशा अर्थाचे तिचे वाक्य येताच सारा वर्ग हसला. तीही हसली. मला मात्र हसता आले नाही. माझ्या आजोबांच्या डाव्या हाताची दोन बोटे नव्हती, आणि गावात त्याविषयी बोलताना लोक नेमके हेच म्हणत : पाटलांची बोटे दारूने गेली.

आजोबांनी आयुष्यात मद्याला स्पर्श केला नव्हता. नव्याने ओळख झालेल्या प्रत्येकाला हे समजावून सांगावे लागे, आणि समजावणारा माणूस नेहमीच थोडा संशयास्पद दिसतो. म्हणून पुढे पुढे त्यांनी समजावणे सोडले आणि हात उपरण्याखाली ठेवू लागले.

आमचे गाव साकोलीच्या बाजूचे. घरी परवान्याची एक जुनी विलायती दुनळी रायफल होती, काळ्या दारूच्या जमान्यातली. गोष्ट १९५० नंतरच्या दशकातली आहे; वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला, त्याच्या बरीच आधीची. तयार काडतुसे दुर्मीळ आणि महाग होती, तेव्हा आजोबा उडवलेली पितळी काडतुसे जपून ठेवीत आणि घरीच पुन्हा भरीत. वापरलेली टोपी काढायची, नवी बसवायची, मापाने दारू ओतायची, वर पुठ्ठ्याची चकती दाबायची आणि शिशाची गोळी बसवायची. हे काम ते देवघराशेजारच्या खोलीत, दिवसाउजेडी, चिलीम ओढणाऱ्या गड्याला अंगणाबाहेर पाठवून करीत. दारूचे माप म्हणजे पितळेची एक लहानशी पळी. तिचा काठ बोटाने सपाट केला की काम झाले. तराजू नव्हता आणि त्याची कधी गरजही पडली नव्हती. आमचा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. धान्य कुडवाने आणि पायलीने मोजणाऱ्या माणसाला माप म्हणजे भांडे, वजन नव्हे.

एकदा शहरातून आलेल्या एका पाहुण्याने निरोप घेताना त्यांना दारूचा डबा भेट दिला. डब्यावर इंग्रजी मजकूर होता. आजोबांना मोडी येत होती, बाळबोध येत होती, इंग्रजी येत नव्हती. माझे वडील तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. आजोबांनी डबा त्यांच्यापुढे धरला : “वाच त बापू, का लिवला हाये थे.”

वडिलांनी वाचले. ‘पावडर’ म्हणजे दारू, हे त्यांना ठाऊक होते. ‘ग्रेन’ म्हणजे दाणा, हेही पाठ्यपुस्तकातून ठाऊक होते. त्यामुळे आकड्यांच्या ओळी दाण्यांविषयी काही सांगत असाव्यात असे समजून त्यांनी त्या सोडून दिल्या. ग्रेन हे वजनाचेही नाव आहे, एका पौंडात असे सात हजार ग्रेन असतात आणि त्या ओळी वजनाविषयी बोलत होत्या, हे त्यांना कळले तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांनी सांगितले ते एवढेच, की ही बंदुकीची दारू आहे, चांगली आहे आणि धूर करत नाही. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

आजोबा उतावळे नव्हते. अनोळखी वस्तू तपासून घ्यायची त्यांची रीत होती. त्यांनी ओट्याच्या दगडावर एक चिमूट जुनी दारू ठेवली आणि शेजारी एक चिमूट नवी. लांब काडीने जुनीला विस्तव लावताच ती भक्कन उडाली, पांढरा धूर आला आणि दगडावर काळा डाग राहिला. नवीला विस्तव लावला तर ती पिवळ्या ज्योतीने शांतपणे, जणू कापूर जळावा तशी जळत गेली. आवाज नाही, डाग नाही. आजोबा म्हणाले, “हे त मवारच हाये.” आमच्या झाडीबोलीत मवाळाचा मवार होतो. त्यांनी पळी भरली, काठ सपाट केला आणि दारू मवाळ म्हणून वर चिमूटभर आणखी घातली.

ती परीक्षाच फसवी होती, हे मी पुढे वाचून समजून घेतले. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात, म्हणजे धूर आणि काजळी होऊन उरतो. वायू होतो तो उरलेल्याचा. धूररहित दारूचा पाया आहे आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. पॉल व्हिएल याने ती फ्रान्समध्ये १८८४ साली सिद्ध केली. मागोमाग १८८७ मध्ये नोबेलची बॅलिस्टाइट आणि १८८९ मध्ये इंग्रजांची दोऱ्यासारखी कॉर्डाइट आली. ही जवळजवळ सगळीच वायूत बदलते. शिवाय तिचे जळणे दाबावर अवलंबून असते. उघड्यावर ती सौम्य असते. कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते आणि त्याने दाब आणखी वाढतो. म्हणून ओट्यावरची चिमूट नळीतल्या वागणुकीविषयी काहीच सांगत नाही. दुर्दैवाने ती काही सांगत नाही असे वाटत नाही. ती अगदी उलटे सांगते.

यात आणखी एक पेच होता. छऱ्यांच्या बंदुकांसाठी काही धूररहित दारू मुद्दाम अशा हलक्या, फुलवलेल्या बनवत, की काळ्या दारूचेच माप त्यांना चालावे. नवी दारू जुन्या मापाने भरता येते, हे आजोबांनी कोणाकडून तरी ऐकले होते आणि ते ऐकणे एका जातीच्या दारूपुरते खरेही होते. हा डबा त्या जातीचा नव्हता. इंग्लंडमधील परीक्षणगृहे नव्या दारूसाठी तपासलेल्या नळीवर तसा निराळा शिक्का मारीत. आमच्या रायफलीवर तो नव्हता. पण नसलेला शिक्का कोण वाचणार?

पहिला बार त्यांनी शेताच्या धुऱ्यावरच्या वारुळावर टाकला. वडील मागे दहा पावलांवर उभे होते. नेहमीच्या आवाजापेक्षा तो आवाज वेगळा, कोरडा होता, असे ते सांगत. उजवी नळी मागच्या बाजूला फाटली होती. वारुळाला काही झाले नव्हते. आधी बैलगाडीने आणि मग मोटारीने भंडाऱ्याला नेले, महिनाभर दवादारू झाली आणि हात वाचला. करंगळी आणि अनामिका गेल्या.

दवादारू. हा शब्द मी इथे सहज लिहिला, पण त्यापाशी थांबायला हवे. ‘दारू’ हा फारसी शब्द आणि त्याचा मूळ अर्थ औषध. आपल्या जोडशब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. बंदुकीच्या दारूला चिनी भाषेतही जे नाव आहे त्याचा अर्थ ‘अग्नीचे औषध’ असाच होतो. औषध, स्फोटक आणि मद्य हे तिन्ही अर्थ मराठीने एका शब्दात सांभाळले. ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे, असे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. परंतु या श्रीमंत शब्दात काळी आणि धूररहित यांच्यासाठी वेगवेगळी खोली नव्हती. ज्या भेदावर हाताची बोटे अवलंबून होती, तो भेद शब्दाने दाखवला नाही. औषध म्हटले की मात्रा आली आणि औषध बदलले की मात्रा बदलते, हे घरातली आजीही जाणत होती. दारूचा औषध हा अर्थ त्या दिवशी कोणाला आठवला असता तर?

आमच्या या जंगलाने मराठीला पुष्कळ शब्द दिले. नागझिऱ्याच्या रानातून व्यंकटेश माडगूळकरांचे लेखन आले. नवेगावबांधच्या मुक्कामातून मारुती चितमपल्लींनी (१९३२–२०२५) पाखरांची, झाडांची, माणसांची नावे वेचली. शिकार थांबली आणि निरीक्षण उरले, हे उत्तमच झाले. काडतूस भरणाऱ्या हातांची परिभाषा मात्र कोणी नोंदण्याआधीच विझली. ‘प्रणोदक’ असा शब्द परिभाषेत सापडतो. शिवारात तो कधी आला नाही. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. तिथे प्रणोदके निराळी आणि स्फोटके निराळी. फाटकाबाहेर मात्र तो सगळा दारूगोळाच. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे झालेल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले. त्या घटनेचे आणि आमच्या धुऱ्यावरच्या बाराचे काही साम्य नाही, तरी त्या आठवड्यात आजोबांचा हात सारखा माझ्या डोळ्यांपुढे येत राहिला.

वडील पुढे इंग्रजीचे शिक्षक झाले. विद्यार्थ्याने शब्दाचा अर्थ बरोबर सांगितला तरी ते विचारीत, “इथे कोणता?” आम्हाला तो त्यांचा हेकटपणा वाटे. निवृत्तीनंतर एकदा ते मला म्हणाले, “मी चुकीचे वाचले नव्हते रे. मला जेवढे समजले तेवढेच सगळे आहे, असे मी धरून चाललो.” आजोबांनी त्यांना कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते, असेही त्या दिवशी ते म्हणाले.

रायफल केव्हाच सरकारजमा झाली. पळी घरात राहिली. आई काही वर्षे तिने मोहरी काढीत असे. यंदा तोच उतारा शिकवताना मी ती वर्गात नेली आणि बाकांवरून फिरवली. एकाने ती हातात उलटीसुलटी करून विचारले, “सर, हिच्यात किती मावते?”

मी म्हटले, “कशाचे, ते आधी सांग.”